बायोगॅसच्या कार्बनचा दगड करायचा, तर चुना कुठून आणायचा?

तंबाखूच्या डबीतला चुना दोन-चार दिवस उघडा राहिला, की त्यावर पांढरी, कडक साय धरते. आमचे आजोबा नखाने ती साय बाजूला सारायचे, दोन थेंब पाणी टाकायचे आणि खालचा मऊ चुना बोटावर घ्यायचे. ती साय म्हणजे नुसता वाळलेला चुना असता, तर पाणी टाकल्यावर पुन्हा मऊ झाला असता. तो होत नाही, कारण तोवर त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो आणि त्या दोघांचा मिळून दगड झालेला असतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की पाणी दुधाळ व्हायचं, तेही हेच. जुन्या वाड्यांच्या भिंतीत घाणीवर मळलेला चुना वर्षानुवर्षं घट्ट होत गेला, त्यामागेही हेच रसायन आहे.

बायोगॅस प्रकल्पातून बाहेर सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून उपयोगी खनिजं बनवायची, म्हणजे डबीतली ही साय कारखान्याच्या मापाने धरायला लावायची. कल्पना एवढी साधी आहे. अडचण कुठे आहे ते कळायला मात्र थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब मांडावा म्हणूनच हे लिहितो आहे. साखरपट्ट्यात सध्या बायोगॅसचे प्रकल्प उभे राहत आहेत आणि ‘कार्बनपासून उत्पादन’ असं ऐकलं की कुणालाही ते आवडतं. आवडावंच. पण आधी आकडे बघू.

शेण, प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), स्पेंट वॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी), नेपियर गवत, हॉटेलातलं उरलंसुरलं, काहीही बंद टाकीत हवेशिवाय कुजवलं की जो वायू मिळतो त्यात साधारण ५० ते ६५ टक्के मिथेन असतो. तो जळतो, चूल पेटवतो, गाडी चालवतो. उरलेला बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे प्रकल्पावरची माणसं ज्याला सरळ ‘सीओटू’ म्हणतात तो. शिवाय थोडी वाफ आणि सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड. घरगुती गोबरगॅसला हे मिश्रण चालतं. शेगडीची ज्योत थोडी मंद असते, एवढंच. गाडीत भरायचा सीबीजी, म्हणजे दाबाखाली भरलेला शुद्ध बायोगॅस, करायचा असेल तर मात्र भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के लागतो. म्हणून सीओटू वेगळा काढावा लागतो. पाण्याने धुऊन काढतात, अमाइन नावाच्या द्रावणात शोषून काढतात, दाबाखाली शोषक दाण्यांच्या टाकीतून सोडतात किंवा पडद्यातून गाळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सीबीजी खरेदीची ‘सतत’ योजना आणली, तेव्हापासून या यंत्रणा आपल्याकडेही ओळखीच्या झाल्या आहेत. वेगळा काढलेला सीओटू बहुतेक ठिकाणी एका उभ्या पाइपमधून आकाशात सोडून देतात.

किती सोडतात? १०० घनमीटर बायोगॅस घ्या, त्यात ६० घनमीटर मिथेन आणि ४० घनमीटर सीओटू धरा. ऐकायला मिथेन जास्त वाटतो. पण सीओटू जड वायू आहे. वजन केलं तर मिथेन भरतो सुमारे ४३ किलो आणि सीओटू ७९ किलो. म्हणजे रोज १० टन गॅस विकणारा प्रकल्प रोज १८ टन सीओटू हवेत सोडतो. विकल्या जाणाऱ्या मालापेक्षा फुकट जाणारा माल वजनाने जवळपास दुप्पट!

यात पाप नाही, हे आधीच सांगितलं पाहिजे. हा कार्बन उसाने किंवा गवताने गेल्या वर्ष-दोन वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो, तो हवेत परत जातो. कोळशाच्या धुरातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, तो हवेत नवी भर घालतो. दोन्ही वायू एकच असले तरी जमाखर्चात त्यांच्या नोंदी वेगळ्या होतात. आणि नेमकं म्हणूनच बायोगॅसचा सीओटू पकडण्यात जास्त गंमत आहे. कोळशाच्या चिमणीतला पकडला तर नवी भर थांबते. बायोगॅसमधला पकडून दगडात बंद केला, तर हवेत आधी असलेला कार्बन खरोखर कमी होतो. पिकाने तो हवेतून उपसायचं काम आधीच करून ठेवलेलं असतं, आणि प्रकल्पाने मिथेन शुद्ध करण्याच्या निमित्ताने वेगळा काढण्याचा खर्चही केलेला असतो.

दगडच का? सीओटूपासून इंधन बनवण्याच्या बातम्याही येत असतात. फरक असा. लाकूड जळून राख झाली की राखेचं पुन्हा लाकूड करायला बाहेरून भरपूर ऊर्जा घालावी लागेल. सीओटू ही कार्बनची राख आहे. त्यापासून मिथेनॉल करायचं म्हणजे हायड्रोजन आणा, वीज आणा, चढ चढा. चुन्याबरोबर दगड व्हायचं असेल तर उताराने जायचं आहे. ही क्रिया आपण होऊन घडते, उलट थोडी उष्णताच बाहेर टाकते. आणि दगड झालेला कार्बन, कुणी तो भट्टीत भाजला नाही किंवा त्यावर आम्ल ओतलं नाही, तर हजारो वर्षं तसाच राहतो.

मग अडलंय कुठे? चुन्यापाशी.

आपल्याला मिळणारा कळीचा चुना येतो चुनखडीच्या दगडातून. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला चुनखडी भाजली की तिच्यातला सीओटू उडून जातो आणि मागे चुना राहतो. आता आपल्या प्रकल्पाचा रोजचा १८ टन सीओटू बांधायचा, तर सुमारे २३ टन कळीचा चुना लागेल. त्यातून ४१ टन कॅल्शियम कार्बोनेट तयार होईल, पांढरंशुभ्र, पोत्यात भरून विकण्याजोगं. पण ते २३ टन चुना तयार करताना भट्टीने किती सीओटू हवेत सोडला? बरोबर १८ टन. शिवाय भट्टीत जाळलेल्या कोळशाचा धूर वेगळा. म्हणजे आपण एका गावात चुनखडी फोडून सीओटू सोडला, दुसऱ्या गावात तोच पुन्हा बांधून चुनखडी केली, आणि मधल्या वाहतुकीचं डिझेल जाळलं. हवेच्या खात्यात तोटाच झाला.

म्हणून कुणीही ‘आम्ही बायोगॅसच्या सीओटूपासून खनिज बनवतो’ असं सांगितलं, की माझा पहिला प्रश्न असतो: तुमचा कॅल्शियम कुठला? सीओटू कुठेही मिळेल. आसवनीत साखर आंबवतानाही तो जवळजवळ शुद्ध मिळतो, दर किलो इथेनॉलमागे जवळपास तेवढाच. दुर्मिळ आहे तो असा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम, ज्याच्यामागे नवी भट्टी पेटवावी लागत नाही.

तो सापडतो कचऱ्यात. पोलाद बनवताना वर तरंगणारी धातुमळी, म्हणजे स्लॅग, चुन्याने भरलेली असते. झोतभट्टीची, म्हणजे खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीची, स्लॅग सिमेंटवाले घेऊन जातात, पण पुढच्या टप्प्यावरची, लोखंडाचं पोलाद होताना निघणारी स्लॅग पडून राहते. तिच्यातला मोकळा चुना पावसाळ्यात फुगतो आणि तिच्यावर केलेला रस्ता उचलला जातो, म्हणून तिला गिऱ्हाईक कमी. त्याच चुन्याला आधीच सीओटू पाजला तर तो पुढे फुगत नाही. एका कचऱ्याचं दुखणं दुसऱ्या कचऱ्याने बरं होतं, याहून चांगलं काय हवं! गॅस वेल्डिंगसाठी ॲसिटिलीन बनवणाऱ्या कारखान्यांत कार्बाइडवर पाणी टाकलं की उरणारा राखाडी गाळ तर जवळजवळ निव्वळ विरलेला चुनाच असतो. काही प्रकारची राख आहे. आणि आहे पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, ज्याची मुंबई-पुण्यात तरी टंचाई नाही.

राडारोड्याचा प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये खऱ्या धंद्यापर्यंत गेला आहे. बर्न शहराच्या सांडपाणी केंद्रात मैल्यापासून बायोगॅस होतो, तो शुद्ध करताना सीओटू वेगळा निघतो. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतून २०१९ मध्ये बाहेर पडलेली न्यूस्टार्क ही कंपनी तो सीओटू थंड करून द्रवरूपात टँकरमध्ये भरते आणि काँक्रीटचा चुरा करणाऱ्या कारखान्यांवर नेते. तिथे जुन्या काँक्रीटची खडी बंद पेटीत ठेवून तिच्यात हा वायू सोडतात. खडीच्या भेगांत, कडेला चिकटलेल्या सिमेंटमध्ये तो दगड होऊन बसतो. खडी पुन्हा नव्या काँक्रीटमध्ये जाते. टनभर खडी सरासरी १० किलो सीओटू पिते.

हा १० किलोचा आकडा नीट लक्षात घ्या, कारण त्यातून धंद्याचं गणित उघडं होतं. आपला रोजचा १८ टन सीओटू राडारोड्यात मुरवायचा तर १,८०० टन खडी लागेल, रोज. कुठल्याही साखर कारखान्याच्या आवारात ती येणार नाही. स्लॅग बरी: चांगली बारीक दळली आणि टनाला १५० किलो सीओटू बसला असं धरलं, तर १२० टनांत भागेल. पण तेसुद्धा रोजचे सहा-आठ ट्रक झाले. शिवाय आपल्याकडे पोलाद कारखाना डोळवीला, खाडीकाठी, आणि ऊस घाटावर. म्हणून बर्नवाल्यांची युक्ती मला पटते. दगड वायूकडे नेऊ नये, वायू दगडाकडे न्यावा. उणे २० अंश आणि हवेच्या वीसपट दाब दिला की सीओटू पाण्यासारखा ओतता येतो, आणि तो १८ टन एका मोठ्या टँकरमध्ये मावतो. पुणे किंवा नवी मुंबईजवळचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प आणि दीड-दोनशे किलोमीटरवरचा बायोगॅस प्रकल्प यांची सांगड अशीच बसू शकते. द्रव करायला वीज लागते, तो खर्च मात्र हिशेबात धरला पाहिजे.

कचऱ्यातला चुना जवळ असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती लहान प्रकल्पाला जास्त मानवेल. आधी सीओटू वेगळा काढा, मग तो दगड करा, असे दोन टप्पे कशाला? कच्चा बायोगॅसच चुन्याच्या निवळीसारख्या द्रावणातून बुडबुडत सोडा. मिथेनला चुन्याशी काही देणंघेणं नाही, तो वरून तसाच निघून जातो. सीओटू खाली अडकतो. गॅस शुद्ध झाला आणि खनिजही तयार झालं. इटलीत फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी कचरा डेपोतून निघणाऱ्या गॅसवर याची हुशार आवृत्ती करून पाहिली. त्यांनी चुन्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सीओटू शोषला. ते द्रावण मग कचरा जाळण्याच्या भट्टीतल्या चुनायुक्त राखेवर नेलं. राखेतल्या चुन्याने सीओटू आपल्याकडे घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइड मोकळं होऊन पुन्हा कामाला लागलं. पोटॅशियम इथे टपालवाल्याचं काम करतो, पत्र पोचवतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. राख गॅसच्या नळीत घालायची गरज उरत नाही, म्हणून गाळ साचून यंत्र तुंबण्याचा त्रास कमी. तरीही वापरात प्रत्येक फेरीला थोडं रसायन राखेबरोबर निघून जातं आणि विकत भरावं लागतं.

हायड्रोजन सल्फाइड मात्र विसरून चालत नाही. तो आम्लधर्मी असल्याने चुन्यात तोही अडकतो, आणि चुन्यात लोखंडाचा अंश असेल तर माल काळपट पडतो, वास धरतो. रंगाच्या किंवा कागदाच्या कारखान्याला असा माल नको असतो. त्यामुळे गंधक आधी काढावंच लागतं.

काय काय विकता येतं, हे आता बघू. सर्वांत महाग माल म्हणजे मुद्दाम साका धरून केलेलं कॅल्शियम कार्बोनेट. कागदाचा गुळगुळीतपणा, रंगाचा पांढरेपणा, टूथपेस्ट, प्लास्टिक, पोटातल्या आम्लावरच्या गोळ्या, सगळीकडे ते असतं. तापमान आणि द्रावणाचा पीएच बदलून त्याच्या स्फटिकांचा आकार सुईसारखा किंवा ठोकळ्यासारखा करता येतो आणि त्या आकारावर भाव ठरतो. पण स्लॅगपासून थेट असा माल निघत नाही, तिच्यात लोखंड आणि इतर धातू मिसळलेले असतात. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात त्यावर उपाय काढला: नवसागराच्या, म्हणजे अमोनियम क्लोराइडच्या पाण्यात स्लॅग धुवायची. त्यात बहुतांशी कॅल्शियमच विरघळतो. ते पाणी गाळून त्यात सीओटू सोडला की स्वच्छ पांढरा साका खाली बसतो आणि नवसागर परत मिळतो.

खाण्याचा सोडा हे दुसरं उत्पादन. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात सीओटू सोडला की तो बनतो. इंग्लंडमध्ये नॉर्थविचला टाटा केमिकल्स युरोपने २०२२ मध्ये वर्षाला ४०,००० टन सीओटू पकडणारा प्रकल्प सुरू केला, तो याचसाठी. तिथला सीओटू बायोगॅसचा नाही, कारखान्याच्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्राचा आहे, रसायन तेच. यात धंदा चांगला, भावही बरा. पण कार्बन साठवला असं म्हणू नये. ढोकळा फुगतो तो त्याच सोड्यातून सुटलेल्या सीओटूने. बांधलेला वायू स्वयंपाकघरात मोकळा होतो.

पेव्हर ब्लॉक मला आपल्यासाठी जास्त जवळचा वाटतो. ताजे ब्लॉक बंद खोलीत ठेवून त्यात सीओटू भरला, तर ते काही तासांत चांगली ताकद धरतात, एरवी दिवसचे दिवस पाणी मारत बसावं लागतं. ही पद्धत सळई घातलेल्या काँक्रीटला मात्र वापरायची नाही. काँक्रीटचा अल्कधर्म सळईला गंजण्यापासून सांभाळतो, सीओटू आत शिरला की तो अल्कधर्म उतरतो आणि सळई गंजू लागते. जुन्या इमारतींच्या स्लॅबचे पापुद्रे सुटून लाल सळया उघड्या पडतात, त्यामागे अनेकदा हीच हवेतल्या सीओटूची संथ करामत असते. पेव्हर ब्लॉकमध्ये सळई नसते, म्हणून तिथे तेच रसायन उपकार करतं.

मला स्वतःला सर्वांत जास्त आशा वाटते ती एका जुन्या वाटेची. झारखंडमधल्या सिंदरीच्या खत कारखान्यात १९५१ पासून जिप्समपासून अमोनियम सल्फेट बनत असे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यात अमोनिया आणि सीओटू घातले की जोड्या बदलतात: अमोनिया सल्फेट घेतो आणि खत होतो, कॅल्शियम सीओटू घेतो आणि खडूसारखी पूड होतो. सिंदरीत ती पूड शेजारच्या सिमेंट कारखान्याला जायची. आता बायोगॅस प्रकल्पाकडे बघा. सीओटू आहेच. आणि टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीत अमोनियाही आहे, विशेषतः कोंबडीखत कुजवलं असेल तर इतका की डोळ्यांना झोंबतो आणि टाकीतल्या जिवाणूंनाही जड जातो. तो गरम करून वेगळा काढता येतो. उरलं जिप्सम. औष्णिक वीजकेंद्रांत धुरातलं गंधक काढताना ते तयार होतं, फॉस्फेट खतांच्या कारखान्यांबाहेर त्याचे ढीग असतात. म्हणजे भट्टी न पेटवता मिळालेला कॅल्शियम.

एक टन सीओटूला जवळपास ३.९ टन जिप्सम आणि ७७० किलो अमोनिया लागतो. त्यातून ३ टन अमोनियम सल्फेट आणि सव्वादोन टनांहून थोडी जास्त कार्बोनेटची पूड मिळते. प्रकल्पाचा सगळा १८ टन सीओटू असा बांधायला रोज १४ टन अमोनिया लागेल. तेवढा स्लरीत असत नाही, हे उघड आहे. त्यामुळे या वाटेने सीओटूचा काही भागच मार्गी लागेल. पण जो लागेल त्यातून २१ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक असलेलं खत निघेल, आणि गंधकाची गरज आपल्या सोयाबीन-भुईमुगाला आहेच. फॉस्फेट कारखान्यांचं जिप्सम वापरण्याआधी त्यातला फ्लोराइड आणि किरणोत्सारी अंश तपासून घ्यायला हवा, ही अट सोडता कामा नये.

दगडाचाच विचार करतोय तर पायाखालच्या दगडाचंही बोललं पाहिजे. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये सीओटू पाण्यात विरघळवून बेसाल्टच्या थरांत सोडला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचं खनिज झालं, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे बर्नच्या त्याच सांडपाणी केंद्राचा सीओटू रेल्वेने आणि जहाजाने आइसलँडला नेऊन जमिनीत सोडण्याचा प्रयोगही स्विस संशोधकांनी केला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवरच उभा आहे, आपला काळा कातळ तोच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात कॅल्साइटचे जे स्फटिक मांडले आहेत, ते याच कातळाच्या पोकळ्यांत कॅल्शियम आणि कार्बनयुक्त पाण्याने एकत्र येऊन घडवलेले आहेत. म्हणजे रसायन इथेही चालतं. पण कार्बफिक्सच्या पद्धतीत एका टन सीओटूसाठी पंचवीसेक टन पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या तालुक्यांत हे सुचवण्याचं धाडस मी करणार नाही. समुद्राच्या पाण्यावरचे प्रयोग चालू आहेत, ते किनाऱ्यापुरते बघता येतील.

शेवटी त्या खडूसारख्या पुडीचं काय करायचं, हा प्रश्न उरतो, आणि इथे एक चूक सहज होऊ शकते. बायोगॅस प्रकल्प शेतीजवळ असतात, म्हणून पूड ‘भूसुधारक’ म्हणून आसपासच्या शेतांत टाकायचा मोह होईल. घाटावरच्या काळ्या जमिनीत आधीच चुनखडी आहे. नांगरताना पांढरे खडे वर येतात, पीक पिवळं पडतं, कारण अशा जमिनीत लोह मुळांना मिळत नाही. तिथे आणखी चुना टाकणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान करणं. तीच पूड कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीला औषध आहे. तिथे ती विरघळताना काही सीओटू परत सुटतो, त्यामुळे तिला कायमची साठवण म्हणता येणार नाही. पण आज कोकणात जी चुन्याची भुकटी पडते ती खाणीतून खोदलेली असते, तिच्यातून सुटणारा कार्बन युगानुयुगे जमिनीखाली होता. तिच्या जागी गेल्या हंगामातल्या उसाच्या कार्बनची पूड पडली, तर तेवढा जुना कार्बन खाणीतच राहील. त्यासाठी कोल्हापूर-सांगलीकडची पोती घाट उतरून खाली न्यावी लागतील, आणि तेवढ्या अंतराचं भाडं परवडेल अशी किंमत त्या पुडीला मिळावी लागेल.